बांधावरचा हिंगण, अंगणातली बिट्टी

पाडव्याच्या संध्याकाळी इंदूर जिल्ह्यातल्या गौतमपुऱ्यात दोन गट मैदानात समोरासमोर उभे राहतात. गौतमपुऱ्याचा तो तुर्रा, शेजारच्या रुणजी गावाचा तो कलंगी. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात पेटतं कोलीत, खांद्याला झोळी, आणि झोळीत हिंगोट. लिंबाएवढं हे फळ दिवाळीच्या कितीतरी आधी झाडावरून उतरवतात. आतला गर कोरून काढतात, कवच उन्हात वाळवतात, त्यात दारू ठासतात, तोंड मातीनं बुजवतात आणि वर बांबूची काडी बांधतात. पेटवलं की हिंगोट समोरच्याच्या अंगावर सुटतं. दरवर्षी माणसं भाजतात, जीवही गेलेले आहेत, तरी खेळ चालूच आहे.

त्या खेळाचं कौतुक मला करायचं नाही. सांगायचं आहे ते झाडाबद्दल. हिंगोट ज्या झाडाला लागतं ते झाड सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. ओढ्याच्या काठाला, बांधावर, गायरानाच्या कडेला ते उभं असतं. आपल्याकडे त्याला हिंगण म्हणतात, कुणी हिंगणबेट म्हणतात. शहरातल्या माणसाला मात्र ते बाभळीच्या जातीतलं एखादं काटेरी झुडूप वाटतं आणि तो पुढे निघून जातो. त्याच्या फळात दगडासारखं कडक कवच असतं आणि त्या कवचात तेलानं भरलेली एक बी असते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सोलापूर आणि रानातला सुकामेवा हे दोन शब्द एकत्र उच्चारले की लोक हसतात. काजू कोकणातला, चारोळी सातपुड्यातली आणि गडचिरोलीतली, अक्रोड काश्मीरचा. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ साली सोलापुरात सुरू झालं ते या पावसामुळेच. इथल्या जेवणात कवचातलं काही असेल तर ती शेंग, आणि तिच्या चटणीनं सोलापूरचं नाव सगळीकडे नेलं. पण भुईमूग हे झाड नव्हे, आणि तो मूळचा इथलाही नव्हे, दक्षिण अमेरिकेतून आलेला. त्याच्या आधीपासून या मातीत कडक कवचाच्या बियांची झाडं होती आणि आजही आहेत. घराच्या आवारात, शाळेच्या कुंपणाला, रेल्वे लाइन्सच्या जुन्या बंगल्यांत, होटगी रोडच्या मोकळ्या प्लॉटांत, बांधांवर. त्यांतली काही खायची आहेत, काही औषधाची, काही जीव घेणारी. आणि ती एकमेकांशेजारीच उगवतात.

पुस्तकी काम झालेलं आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात खंडाखंडानं प्रसिद्ध केला. दख्खनच्या कोरड्या मुलखातल्या झाडांची ओळख पटवायला अभ्यासक अजूनही तो उघडतात. अलीकडे, २०१५ मध्ये, सयाजीराव गायकवाड आणि के. यू. गराड यांनी सोलापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. माळ, ओढे, तळ्यांचे काठ तुडवून केलेलं हे काम आहे आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात ते असायला हवं. तुटलेला दुवा दुसरीकडे आहे. जी ओळख पूर्वी मेंढरामागे फिरणाऱ्या धनगराला, कपडे धुणाऱ्या परटाला, सुया-बिब्बे विकत दारोदार जाणाऱ्या बाईला आणि घरातल्या आजीला होती, ती पुढच्या पिढीत आलेली नाही. शेतमालकाच्या मुलाला बांधावरच्या झाडाचं नाव सांगता येत नाही, आणि नाव नसलेलं झाड तोडायला कुणाचा हात अडखळत नाही.

म्हणून सुरुवात हिंगणापासून. ओळखायला तो सोपा आहे. झाड फार मोठं होत नाही, दोन पुरुष, फार तर तीन पुरुष उंच. फांद्या खाली झुकलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या. पानांकडे नीट पाहा. एका देठावर दोनच पर्णिका, जोडीनं, करड्या हिरव्या आणि जाडसर. बाभळीसारखी बारीक चिरलेली पिसं इथे नाहीत, आणि एवढ्या एका खुणेवर बाभूळ, हिवर, खैर सगळे बाजूला पडतात. काटे सरळ, जाड, हिरवे आणि बोटभर लांब असतात, कोवळ्या काट्यांवर कधी पानंही दिसतात. उन्हाळ्याच्या तोंडाला बारीक, हिरवट पांढरी, मंद वासाची फुलं येतात. फळ अंडाकृती, आधी हिरवं, हिवाळ्यात पिकलं की पिवळट. वरची साल कुरकुरीत होऊन सुटते, खाली चिकट तपकिरी गर लागतो, गोडही आणि कडवटही. गर चोखून झाला की हातात राहते ती आठळी, लांबट आणि अंगाला धारा असलेली. ती फोडायला दगड लागतो.

गुराखी पोरं गर चोखतात आणि आठळी फेकून देतात. आफ्रिकेत मात्र तिला मोल आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेल्या कोरड्या पट्ट्यात हेच झाड आहे. तिथल्या बायका आठळ्या फोडतात, आतली बी पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून तिचा कडवटपणा काढतात आणि मग ती खातात, नाहीतर तिचं तेल काढतात. झाडाच्या शास्त्रीय नावातच इजिप्त आहे, बॅलॅनाइट्स इजिप्टियाका. तिथल्या प्राचीन थडग्यांत या फळांच्या आठळ्या सापडल्या आहेत. आपल्याकडे या फळाचा जुना उपयोग धुण्याचा. गरात फेस आणणारं द्रव्य असतं, म्हणून रेशमी कापड धुवायला तो वापरत. हेच द्रव्य गोड्या पाण्यातल्या गोगलगायींना मारतं. ज्या गोगलगायींमधून माणसाला शिस्टोसोमायसिस नावाचा कृमींचा आजार होतो, त्यांच्यावर उपाय म्हणून या फळाचा विचार सुदानमध्ये १९३०च्या दशकातच सुरू झाला होता. पाण्यात फळं पडली तर मासेही मरतात, म्हणून विहिरीत किंवा शेततळ्यात ती टाकू नयेत.

आणि दारूकामाचं म्हणाल तर ते एकट्या गौतमपुऱ्याचं नाही. आठळीला बारीक भोक पाडून आतली बी काढायची, दारू भरायची आणि पेटवली की मोठा बार निघतो, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय वनस्पतींवरच्या इंग्रजी ग्रंथांतही आहे. कवच किती पक्कं असतं याची कल्पना यावी म्हणून सांगितलं. करून पाहण्यासाठी नाही.

हिंगणाचा मला वाटणारा मोठा गुण म्हणजे तो काळ्या मातीत तग धरतो. काळी रानं उन्हाळ्यात भेगाळतात, पावसाळ्यात फुगतात, आणि या हिसक्यात अनेक झाडांची मुळं तुटतात. हिंगण मुळं खोल घालतो आणि दुष्काळातही हिरवा राहतो. शेळ्या त्याची पानं आणि फळं खातात आणि आठळ्या दूर नेऊन टाकतात. त्याचं लाकूड चिवट असतं, अवजारांच्या दांड्यांना ते चालतं. या जिल्ह्यासाठी झाड निवडायला कुणी मला सांगितलं तर गुलमोहर आणि सप्तपर्णीच्या कितीतरी आधी मी हिंगणाचं नाव घेईन.

हिंगणाच्याच सोबतीला बांधावर बोर असते. बोर ओळखायला शिकवावी लागत नाही, पण तिच्या आठळीत खायची बी असते हे शहरातली मुलं विसरली आहेत. बोराची पानं गोलसर, वरून हिरवी, खालून पांढुरक्या लवेची, आणि देठापासून तीन शिरा निघालेल्या. काटे जोडीचे, त्यांतला एक बऱ्याचदा सरळ आणि एक आकडा. आठळीत दोन कप्पे असतात आणि त्यांत चपट्या तपकिरी बिया. संक्रांतीला बोरन्हाणात डोक्यावरून ओतलेली बोरं पोरं गोळा करतात, गर खातात आणि आठळ्या टाकून देतात. त्या वाळवून दगडावर फोडल्या की थोडीशी, पण चवदार बी मिळते. जिल्ह्यात बोराच्या बागा आहेत, उमराण, मेहरूण अशा जातींच्या. त्यांचं मूळ खाली रानबोराचंच असतं, त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो. बांधावरची काटेरी बोर उपटून टाकायची आणि रोपवाटिकेतून बोरीचं रोप विकत आणायचं, हा उलटा व्यवहार मला कधी समजला नाही. बांधावरच्या बोरीवरच डोळा भरता येतो, आणि तिची मुळं आधीच खोल गेलेली असतात.

बोरीच्या कुळात एक फसवं झाड आहे, घटबोर. पानं तशीच, फळही लांबून तसंच दिसतं, पण ते पिकून मऊ होत नाही, लाकडासारखं कडक आणि करडं राहतं. ते विषारी नाही, खाण्याच्या उपयोगाचंही नाही. डोंगराकडच्या झाडीत गेलात तर ते हमखास दिसेल.

चिंचेचं झाड सगळ्यांना ठाऊक, आणि म्हणूनच चिंचोक्याचा विचार कुणी करत नाही. बार्शी ही चिंचेची मोठी बाजारपेठ. हंगामात तिथे चिंच फोडून चिंचोके वेगळे काढण्याचं काम बायका करतात, आणि चिंचोक्यांचा व्यापार वेगळा होतो. भाजून वरचं तपकिरी टरफल काढलं की पांढरा, टणक चिंचोका उरतो. तो तोंडात धरून दिवसभर चघळणारी माणसं खेड्यात अजून भेटतात. पण सोलापूरच्या दृष्टीनं चिंचोक्याचं महत्त्व खाण्यापेक्षा कापडात जास्त आहे. सांगोला-पंढरपूर भागात घोंगडी विणणारे सनगर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून ही खळ करतात. ती ताण्याला ब्रशानं लावली की लोकरीचा धागा तुटत नाही, आणि घोंगडीला तिचा सुरुवातीचा ताठपणा येतो तोही या खळीमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत चिंचोक्याच्या पुडीवर काम झालं आणि पिठाच्या खळीऐवजी ती पूड कापड गिरण्यांमध्ये आणि तागाच्या कारखान्यांमध्ये पोचली. आज तिची शुद्ध केलेली रूपं कापडछपाईपासून खाद्यपदार्थांपर्यंत वापरतात. घोंगडी विणणाऱ्यांना हे गुण कितीतरी आधी माहीत होते.

आता बिब्बा. दिवाळी उलटून थंडी पडली की घरोघर डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू होते आणि खारीक, खोबऱ्याबरोबर गोडंबीही आणली जाते. पांढरट, बदामापेक्षा लहान, मऊ गोडसर बी. ही गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला मगज, हे लाडू खाणाऱ्या पुष्कळांना माहीत नसतं. आणि बिब्बा हे महाराष्ट्रातल्या रानातलं सर्वांत सावधपणे हाताळायचं फळ आहे.

बिब्बा आंब्याच्या, काजूच्या आणि चारोळीच्या कुळातला. झाडाची ओळख पानांवरून पटते. पानं खूप मोठी, हातभर लांब होऊ शकणारी, टोकाकडे रुंद, चामड्यासारखी, खालून फिकी, आणि फांदीच्या शेवटाला गर्दी करून आलेली. फळ दिसलं की शंका उरत नाही. खाली नारिंगी-लाल मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला काळा चकचकीत, हृदयाच्या आकाराचा बिब्बा. काजूचं बोंड आणि काजूची बी जशी, तशीच रचना, फक्त लहान. ते बोंड वाळवून, भाजून खातात. बिब्ब्याची फुलं म्हणून ती मराठवाड्याच्या बाजारात थंडीत येतात. सोलापूरच्या माळावर हे झाड सहसा दिसत नाही. त्याची जागा डोंगराच्या पानगळीच्या झाडीत. बार्शीहून पूर्वेला बालाघाटच्या रांगांकडे, येडशीच्या रामलिंग घाटाकडे निघालं की मुलूख बदलतो, झाडी दाटते. १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या त्या बावीस-तेवीस चौरस किलोमीटरच्या तुकड्यात कोरड्या पानगळीच्या जंगलाची ओळख चांगली होते. फक्त तिथलं काही तोडायचं नाही, उचलायचं नाही.

बिब्ब्याच्या कवचात जो रस असतो तो हवेत काळा पडतो आणि कातडीवर गेला की जाळतो. फोड लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात, त्यामुळे कारण बऱ्याचदा लक्षातच येत नाही. याच रसात चुना मिसळून परीट कपड्यांवर खुणा करत, कितीही धुतलं तरी ती खूण जात नसे. टाचांच्या भेगांवर बिब्ब्याचा चटका द्यायची रीत घराघरांत होती. आजी लोकांचा हात त्यात बसलेला होता. आपला तो नाही, म्हणून हा प्रयोग घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आंब्याच्या चिकानं ज्यांचे ओठ फुटतात, त्यांना बिब्बा जास्तच उठण्याची शक्यता असते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना परसदारी 'पॉयझन आयव्ही' नावाची वेल उठते, तीही याच कुळातली, आणि तिच्यातला दाहक घटकही याच जातकुळीचा.

विदर्भ आणि मराठवाड्यात गोडंबी फोडणाऱ्या बायका आहेत. एकेक बिब्बा ठोकून, कवच दुभंगून, आतला मगज अखंड काढायचा. राख, माती, तेल हाताला लावून त्या बसतात, तरी बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. बाजारात गोडंबी महाग वाटली तर घासाघीस करण्याआधी हे हात डोळ्यांपुढे आणावेत. परसात बिब्ब्याचं झाड असलं तरी गोडंबी घरी फोडू नये. सोललेली, स्वच्छ, कवचाचा अंशही न राहिलेली गोडंबी विकत घ्यावी.

चारोळीबद्दल एकच सांगतो, कारण ते झाड आपल्या माळावर नाही. श्रीखंडावर जिचे दाणे पेरतो ती चारोळी रानातल्या झाडाची बी आहे, आणि तिच्या वाढत्या भावापायी ठिकठिकाणी फळं पिकायच्या आत ओरबाडली जातात, कुठे फांद्याच छाटल्या जातात, कुठे झाडच पाडलं जातं. झाडाची ओळख असणं पुरेसं नाही, हे चारोळीवरून कळतं.

शहरातला देशी बदाम ओळखायला सर्वांत सोपा. सात रस्ता असो की विजापूर रोड, जुन्या बंगल्यांच्या आवारांत आणि शाळांच्या पटांगणांत तो लावलेला आहे. फांद्या आडव्या, मजल्यांनी पसरलेल्या. पानं मोठी, गळण्यापूर्वी तांबडीलाल होणारी. हा मूळचा समुद्रकाठचा, सोलापूरच्या रानातला नव्हे, पण रुजला छान. फळाला दोन्ही बाजूंना धार असते. गर आंबट-तुरट, आत धाग्यांचं आवरण, मग कडक कवच, आणि मधे बारीक, गुंडाळलेली पांढरी बी. रात्री वटवाघळं गर खाऊन आठळ्या टाकून जातात. कवच फोडून ती बी खाणं हा शाळकरी मुलांचा जुना उद्योग, आणि तो निर्धोक आहे. फक्त वटवाघळानं कुरतडलेलं फळ उचलू नये आणि आठळी धुऊन घ्यावी, एवढी शिस्त लावावी.

जंगली बदाम म्हणतात ते झाड निराळंच. बागांत आणि जुन्या आवारांत ते कुठे कुठे लावलेलं असतं. हाताच्या पंजासारखी सात ते नऊ पर्णिकांची पानं, फेब्रुवारी-मार्चमध्ये मळकट तांबडी फुलं आणि त्यांचा असा दुर्गंध की माणसं गटार शोधायला लागतात. फळं लाकडी, लाल, होडीच्या आकाराची, आणि उकललेल्या होडीच्या काठाला काळ्या बिया. या बिया काही भागांत भाजून खातात. कच्च्या खाल्ल्या तर पोट बिघडतं, आणि त्यांच्या तेलातली स्निग्धाम्लं शरीराला चांगली नाहीत. मी म्हणेन, झाड पाहा, फळाची होडी उचलून घरी ठेवा, खाऊ नका. बेहड्याचंही तसंच. त्रिफळ्यातला हा तिसरा. वेदकाळात जुगाराचे फासे त्याच्या फळांचे असत. त्याची बी चवीला बरी लागते म्हणून लोक फोडून खातात, पण जास्त खाल्ली तर गुंगी येते.

इथवर खायच्या झाडांबद्दल झालं. ज्यांच्यासाठी हा लेख मला लिहावासा वाटला ती झाडं पुढची आहेत.

पिवळ्या कण्हेरीचं झाड नसलेली कॉलनी सोलापुरात शोधावी लागेल. अरुंद लांब पानं, पिवळी कर्ण्यासारखी फुलं, कमी पाण्यावर बारा महिने हिरवं, आणि शेळी तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला उत्तम. देवाला फुलं वाहायची म्हणूनही लावतात. फळ हिरवं, फुगीर त्रिकोणी, पिकून काळं पडतं आणि आत निघते ती बिट्टी. बिट्ट्यांचे खेळ पिढ्यान् पिढ्या मुलांनी खेळले आहेत. पण बिट्टीच्या आतली बी हृदय थांबवू शकते. तिच्यातली द्रव्यं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात. श्रीलंकेच्या उत्तर भागात १९८०च्या दशकापासून या बियांनी इतकी माणसं गेली की तिथल्या डॉक्टरांना या विषबाधेच्या उपचारांवर सातत्यानं संशोधन करावं लागलं. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. आपल्या आजीच्या वनौषधींत त्याला जागा नाही आणि घरगुती उताराही नाही.

दुसरं मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत. शेताच्या कुंपणाला ते पूर्वीपासून आहे. २००३ नंतर जैवइंधनाचा गाजावाजा झाला, २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं आणि पडीक जमिनींवर त्याची लागवड झाली. उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, झाडं राहिली. पानं हृदयाकृती, तीन ते पाच कोनांची. फांदी मोडली की चीक येतो. फळ लिंबापेक्षा लहान, हिरवं, मग पिवळं, शेवटी काळपट, आणि आत बहुधा तीन काळ्या बिया. धोका हा, की बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते. शाळेच्या मधल्या सुट्टीत एक मूल खातं, बाकीच्यांना देतं, आणि तासा-दोन तासांत वर्गच्या वर्ग उलट्या-जुलाबांनी आडवा होतो. महाराष्ट्रात अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. वेळेवर सलाईन मिळालं की बहुतेक मुलं सावरतात, पण लहान मुलाच्या अंगातलं पाणी फार झपाट्यानं कमी होतं.

साध्या एरंडाची बी चितकबरी, गुळगुळीत, दिसायला देखणी, आणि फळाला मऊ काटे. अखंड गिळली गेली तर कधी तशीच बाहेर पडते, चावली गेली तर तिच्यातलं रिसिन घातक ठरतं. गुंजेचंही तसंच, लाल-काळी, दागिन्याला शोभणारी आणि चावली तर प्राणघातक. सागरगोटे मुली खेळतात ते खेळावेत, आतली कडू बी खाण्याची नाही.

हिंगणाची आणि मोगली एरंडाची बी एकाच बांधावर सापडते, देशी बदाम आणि बिट्टी एकाच आवारात. म्हणून ओळखीची पहिली अट, चव घेऊन ओळखायचं नाही. गोड लागतं म्हणजे खायचं असं रानात नसतं. पान कसं आहे, एका देठावर किती पर्णिका, काटा सरळ की वाकडा, फांदी मोडल्यावर चीक येतो का, फळ आपोआप उकलतं की आठळीसकट पडतं, आत बिया किती, हे पाहायचं. चीक आला म्हणजे विषारीच असं नाही, चिकू आणि वडालाही चीक असतो, पण अनोळखी झाडाला चीक दिसला तर फळ तोंडाजवळ नेऊ नये. एकाच झाडाकडे फुलोऱ्यात, फळात आणि पानगळीत अशा तिन्ही वेळांना पाहावं. एका फोटोवर झाड ठरवू नये. मोबाइलचं अ‍ॅप नाव सुचवतं ते सुरुवातीला बरं, पण खाण्याचा निर्णय त्यावर सोपवू नये. फांदी, पान, फूल आणि फळ वर्तमानपत्रात दाबून जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्यावं. आपल्या अंगणातलं झाड घेऊन आलेल्या माणसाशी बोलायला तिथल्या बहुतेक शिक्षकांना आवडतं.

मुलानं अनोळखी बी खाल्लीच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. तोंडातले तुकडे काढावेत, चूळ भरून घ्यावी, उरलेल्या बिया आणि झाडाची एक फांदी पिशवीत घालावी आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनानं थेट रुग्णालय गाठावं. ती फांदी डॉक्टरांना फार उपयोगी पडते. बिट्टी खाल्ली असेल तर मूल ठणठणीत दिसत असलं तरी न्यायचंच, कारण हृदयावरचा परिणाम उशिरा दिसू शकतो.

झाडं लावण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सोलापूर म्हटलं की उजाड माळ हिरवा करायचा, अशी हौस बाहेरून येणाऱ्यांना वाटते. नान्नजचा माळ हा मोकळा गवताळ माळ आहे, माळढोकासाठी १९७९ मध्ये संरक्षित केलेला, आणि त्याचं मोकळं असणं हेच त्याचं आरोग्य आहे. तिथे दाट झाडी लावली की माळढोक, काळवीट, लांडगा यांची जागा जाते. झाडं लावावीत ती बांधावर, ओढ्याकाठी, वस्तीत, शाळेच्या आवारात.

त्यासाठी हिंगणाचं बी गोळा करणं अवघड नाही. हिवाळ्यात पिकून पडलेली फळं वेचावीत, साल आणि गर धुऊन काढावा, आठळ्या रात्रभर पाण्यात ठेवून पिशवीत लावाव्यात आणि रोप पावसाच्या सुरुवातीला जमिनीत उतरवावं. पहिली काही वर्षं शेळ्यांपासून राखावं लागतं आणि वाढ सावकाश असते, फळ यायला पाच ते आठ वर्षं लागतात. घाई असणाऱ्यानं हे झाड लावू नये. ज्याला शेत मुलाबाळांच्या हाती द्यायचं आहे त्यानं जरूर लावावं. पिवळी कण्हेर आणि मोगली एरंड शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आवारातून काढून टाकावेत, त्या जागी बोर किंवा चिंच लावावी.

महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ज्या झाडांची यादी आहे, तीत चिंच आहे, आंबा, मोह, जांभूळ आहेत. हिंगण नाही, बोर नाही, बिब्बा नाही. रस्ता रुंद करताना किंवा बांध कोरताना या झाडांच्या बाजूनं बोलणारा फक्त शेताचा मालक असतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस, शेतातल्या पूजेचा आणि जेवणाचा सण, येईल. भज्जी-आंबिलाची पंगत उठल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि सर्वांत लहान पोराला बरोबर घेऊन शेताच्या चारही बांधांवरून एकदा फिरा, प्रत्येक झाडाचं नाव विचारा, आणि ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.